मांजराचें वजन

मांजर गुबगुबीत दिसलें कीं तें निरोगी, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु तो पुष्कळदां खोटा ठरतो. आम्ही तर तराजूपेक्षां हातावर अधिक विसंबतों. मांजराच्या बरगड्यांवरून हलकेच बोटें फिरवावीं. चरबीच्या पातळ थराखालीं त्या सहज लागल्या, तर वजन योग्य. चाचपूनही सांपडल्या नाहींत, तर चरबी फार. नुसत्या डोळ्यांस दिसल्या, तर तें कृश. वरून पाहतां बरगड्यांमागें कंबर किंचित् निमुळती दिसावी.

स्थूलपणामुळें मधुमेहाचें भय वाढतें. तथापि लठ्ठ मांजरास एकाएकीं उपाशी ठेवूं नये. यकृतांत चरबी सांठून तें दगावण्याचा संभव असतो. पशुवैद्याच्या सल्ल्यानें खाणें हळूहळू कमी करावें. लाड अवश्य करावे. मात्र पाठीवरून हात फिरवितांना बरगड्याही चाचपून पाहाव्या.