कापूस वेचणाऱ्यांची दिनचर्या आणि योगाभ्यास

स्वस्थवृत्ताच्या अभ्यासक्रमात योगाचे प्रकरण आपण सर्वांनीच वाचले आहे. यम-नियमांपासून समाधीपर्यंतची आठ अंगे, आसनांचे वर्गीकरण, प्राणायामाचे भेद हे सारे परीक्षेच्या निमित्ताने मुखोद्गत झालेले असते. परंतु यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात चिकित्सा करताना योगाची खरी ओळख आम्हांस करून दिली, ती दिवाळीनंतर कंबर धरून दवाखान्याची पायरी चढणाऱ्या वेचणीच्या स्त्रियांनी.

या रुग्णांना आसने सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : दिवसभर शेतात राबणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि आयुर्वेद तो रुग्णाच्याच बाजूने सोडवितो. वाग्भटाने व्यायामाची मर्यादा अर्धशक्ती इतकी घालून दिली आहे. तीही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यासाठी, आणि शीतकाळात व वसंतात. इतर वेळी त्याहून अल्प. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, श्रम, कास, ज्वर हे विकार संभवतात. निंदण, डवरणी, वेचणी करणाऱ्या मजुराची अर्धशक्ती दुपारच्या भाकरीपूर्वीच संपलेली असते. ग्रंथदृष्ट्या हेमंत हा बलाचा काळ; पण नेमक्या याच ऋतूत वेचणीमुळे तिचे बल खर्ची पडत असते. अशा देहाला बारा-बारा सूर्यनमस्कारांची आवर्तने सांगणे म्हणजे श्रमावर श्रम लादणे होय.

येथे श्रम आणि योग यांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. वेचणी करणारी स्त्री पोटाशी फडके बांधून तासन्‌तास पुढे वाकलेली असते. कापूस साठत जातो तसतसा तो भार कंबरेला पुढे ओढतो. हालचाल पुष्कळ, परंतु ती एकाच दिशेने. मेरुदंड दिवसभरात एकदाही मागे वळत नाही, आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. म्हणून आम्ही बळ वाढविणारे काही न सांगता उलट दिशेचे थोडेसे सांगतो : ताडासन, अर्धे भुजंगासन, मकरासन, आणि शेवटी शवासनात सावकाश दीर्घ श्वसन. एकूण पंधरा मिनिटे. कटिप्रदेशी कोमट तिळतेलाचा अभ्यंग जोडला तर वातशमनाला साहाय्य होते.

वेळेचा प्रश्न याहून बिकट. पुस्तकांत ब्राह्ममुहूर्त लिहिलेला असतो. खेड्यातील स्त्रीचा ब्राह्ममुहूर्त पाणी भरणे, चूल आणि डबे यांनी आधीच व्यापलेला असतो. दुपारच्या जेवणास तीन-चार तास लोटलेले व रात्रीचा स्वयंपाक अद्याप चुलीवर चढलेला नाही, अशी सायंकाळची संधी तिला सापडते. पोट रिकामे, अंग तापलेले. आसनांस हे अनुकूलच. सकाळचा आग्रह सोडल्यापासून अभ्यास टिकणाऱ्यांची संख्या वाढल्याचा आमचा अनुभव आहे. नियमितता राखली जात असेल तर घड्याळाचे फारसे मनावर घेऊ नये, असे आमचे मत आहे.

२०१४ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन घोषित केला व २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. उपक्रम स्तुत्यच, मात्र मृगाच्या पावसावर जेथे पेरणी अवलंबून, त्या शिवारातला मनुष्य त्या सकाळी चटईवर नसतो, तिफणीमागे असतो. योगदिनाच्या छायाचित्रांत नोकरदार व विद्यार्थीच अधिक दिसतात, ते यामुळे.

विदर्भाला या बाबतीत मोठी परंपरा आहे. अमरावतीचे श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत आहे. जनार्दनस्वामींनी नागपुरात १९५१ साली योगाभ्यासी मंडळ स्थापिले आणि निःशुल्क शिक्षणाचा पायंडा पाडला. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधामात योगाला प्रयोगशाळेची बैठक दिली होती. जनार्दनस्वामींनी तो सामान्य गृहस्थाच्या ओसरीवर नेला. आमच्यासारख्या ग्रामीण चिकित्सकांना या दुसऱ्या मार्गाची गरज अधिक भासते.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आहे. मान वळत नाही, पाठ ताठ, सांधे आखडलेले असा रुग्ण आल्यास केवळ आमवात वा संधिगतवात मानून त्यास आसनांनी वाकविण्याची घाई करू नये. प्रथम पिण्याचे पाणी कोणत्या हातपंपाचे किंवा विंधनविहिरीचे, हे विचारावे. फ्लोरोसिसने ताठरलेल्या मेरुदंडावर बळ वापरणे घातक ठरू शकते.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीनंतर श्वास लागणे, लाळ व घाम सुटणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही लक्षणे दिसताच रुग्णाचे कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि त्यास विनाविलंब शासकीय रुग्णालयात धाडावे. दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या प्राणायामाने छाती मोकळी होईल, या समजुतीत कुटुंबीय वेळ दवडतात. फवारणीच्या दिवसांत, रुग्ण निरोगी असला तरी, शेताच्या बांधावर दीर्घ श्वसन करू नये, असे आम्ही स्पष्ट बजावतो.

रुग्णपत्रिकेत आम्ही अग्नी, निद्रा व मल यांच्या नोंदींखाली एक ओळ वाढविली आहे : आज वाकून केलेले काम किती तास. त्या उत्तरावरून त्या दिवसाचे आसन ठरते, आणि कधी कधी नुसते शवासनच लिहून दिले जाते.