ट्रॅक्टरचं सील तिसऱ्यांदा का गळलं?

अँटॉप हिलच्या आमच्या खोलीतून बोलतोय, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या तर सांभाळून घ्या.

विषय गावाकडचा आहे. फलटणजवळ आमचा जुना ट्रॅक्टर आहे, बाबा आणि काकांनी मिळून घेतलेला. बाबा आता नाहीत. मे महिन्यात काकांचा व्हिडिओ आला: मागच्या पीटीओ शाफ्टजवळून तेल ठिबकतंय. पीटीओ म्हणजे रोटाव्हेटर वगैरे फिरवणारा दांडा, मिनिटाला साधारण ५४० फेरे. दोनदा सील बदललं, तरी गळती तशीच. "विकून टाकू या का रे?" असं काका म्हणाले, तेव्हा मला कसंतरीच झालं.

आता सील म्हणजे काय? धातूच्या कड्यात बसवलेला रबराचा पातळ ओठ. त्याच्याभोवतीची बारीक स्प्रिंग तो ओठ दांड्यावर दाबून धरते. सीलवर ४०-६२-८ असे आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. मी नागदेवी स्ट्रीटला नवं घ्यायला निघालो होतो. त्याआधी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर एका मिस्त्रींना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, "सील राहू दे, आधी दांड्यावर नख फिरव."

गावी जाऊन फिरवलं. नख अडकलं! वर्षानुवर्षं ओठ एकाच जागी घासून दांड्यावर चर पडली होती. त्यावर कितीही नवं सील लावा, तेल चरीतून येणारच. चर खोल असेल तर दांड्यावर पातळ स्लीव्ह चढवतात. आमची हलकी होती, आणि सीलच्या घरात जागाही होती, म्हणून सील दीड-दोन मिलिमीटर बाहेर बसवलं. ओठ कोऱ्या धातूवर आला.

दुसरा चोर होता ब्रीदर. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, ती बाहेर सोडणारं हे छोटं तोंड. आमचं चिखलाने बुजलं होतं, मग दाब सीलवरच येणार ना? डिझेलने धुतलं, मोकळं झालं.

करताना इंजिन बंद आणि चावी खिशात, यात तडजोड नाही. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. दांड्याच्या दातांवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून, ओठाला ग्रीस लावून मगच सील सरकवायचं, नाहीतर दात ओठ कापतात. (पहिल्या दोन वेळा हे प्लॅस्टिक कुणी लावलं नव्हतं. काका यावर गप्प बसले.) आणि हातोडी थेट सीलवर नको. मापाचा पाइप ठेवून चहूबाजूंनी हळूहळू ठोका. शेवटी तेलाची पातळी बघून भर घाला. बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकही त्याच तेलावर चालतं.

काका आता रोज सकाळी ट्रॅक्टरखाली पुठ्ठा ठेवून फोटो पाठवतात. पेरणी उरकली, पुठ्ठा कोरडाच आहे. विकायचा विषय पुन्हा निघालेला नाही.