गाडी उभ्या-उभ्या का अडखळते?

दादाने घरीच जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर खोलून साफ केला, किक मारली आणि गाडी उभ्या-उभ्याच धडधडून बंद पडायला लागली. रस्त्यावर मात्र तीच गाडी झकास पळते! आता बोला!

गंमत अशी, की एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. गाडी उभी असताना हवेची वाट जवळजवळ बंद असते आणि पेट्रोल बारीकशा छिद्रातून येतं. अशा वेळी कार्बोरेटर आणि इंजिनच्या सांध्यातलं गॅस्केट जरा तिरकं बसलं, तरी फटीतून शिरणारी चोरटी हवा फार होते. मिश्रण बिघडतं, इंजिन अडखळतं. वेगात हवा भरपूर आत जाते. तिथे एवढ्याशा चोरट्या हवेला कोण विचारतं?

म्हणून शोध सुरू करायचा तो जिथे हात लावला तिथूनच. स्पार्क प्लगची टोपी घट्ट बसलीय ना? सांध्याचे नट आवळलेत? इंजिन गार झाल्यावर प्लग काढायला सांगा. टोक पांढरट असेल तर हवा जास्त, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, फिकट तपकिरी असेल तर ठीक. स्क्रू पिळणं सगळ्यात शेवटी. लोक नेमकं तेच आधी करतात!

आणि हो, फट शोधायला कुणी चालू इंजिनवर पेट्रोल शिंपडू लागलं, तर त्याला थांबवा. भडका उडतो! बंद गॅरेजमध्येही इंजिन चालू करू देऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस बेशुद्ध पडतो तरी कळत नाही. गाडी आधी अंगणात ढकला, मग किक मारा.