बाप होण्याआधीचे दीडशे किलोमीटर

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकाने मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "सर, एक विचारायचं होतं. घरी नववा महिना लागतोय. पहिलंच आहे. आणि त्याच आठवड्यात नागपूरची चारशेची ब्रेव्हे आहे. वर्षभर तयारी केली. जाऊ की नको?"

त्याने मलाच का विचारलं, हे उघड होतं. वाशिमच्या रस्त्यांवर सायकल मारणारा मास्तर म्हणून मला सगळे ओळखतात. पण याच प्रश्नाशी मीही एकदा अडखळलो होतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. "उद्या सांगतो" म्हणून मी त्या दिवशी वेळ मारून नेली. त्याला जे सांगितलं, ते इथे थोडं सविस्तर लिहितो. आपल्या घरांतून आई होणाऱ्या मुलीबद्दल पुष्कळ बोललं जातं. बाप होणाऱ्या पोराशी मात्र कोणी बोलत नाही.

ब्रेव्हे म्हणजे काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ब्रेव्हे किंवा बीआरएम ही लांब पल्ल्याची सायकल-परीक्षा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. पॅरिसच्या एका जुन्या क्लबच्या नियमांनुसार ती जगभर होते. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे. पहिला, दुसरा असा नंबर नसतो. वेळेत पोहोचलात की झालं. डोक्यावर हेल्मेट, पुढे-मागे दिवे आणि अंगावर चमकणारं जाकीट सक्तीचं. या परंपरेतली सगळ्यात नावाजलेली स्पर्धा म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. ती १८९१ साली सुरू झाली. आता दर चार वर्षांनी होते, आणि १२०० किलोमीटर ९० तासांत संपवावे लागतात.

महाराष्ट्रात या वेडाला खरं बळ मिळालं ते नाशिकच्या दोन डॉक्टर भावांमुळे. हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने 'रेस अक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर! त्यानंतर २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. गोकुलनाथांना आदल्या वर्षी ती अर्ध्यात सोडावी लागली होती. समर्थ पुढच्याच वर्षी रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक असे नऊ हजार किलोमीटर सायकलवर गेले. विदर्भातल्या आम्हा हौशी मंडळींना यामुळे केवढा हुरूप आला, काय सांगू!

माझी वही आणि तिची फाइल

आता माझी गोष्ट. लग्नाला सात वर्षं झाली होती. तिसऱ्या वर्षी एकदा दिवस राहिले होते, पण तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. त्यानंतर घरात एक शांतता येऊन बसली. ती फार बोलत नसे आणि मला काय बोलावं ते कळत नसे. मी सायकल घेतली ती त्याच हिवाळ्यात. लोकांना मी तब्येतीचं कारण सांगत असे. खरं कारण हे की फजरच्या नमाजनंतर मालेगाव-मेडशीच्या रस्त्याला लागलं की दोन-तीन तास त्या शांततेत बसावं लागत नसे. वीस किलोमीटरचे चाळीस झाले, चाळीसचे शंभर. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातूनच जातो, पण त्यावर सायकलला मनाई. आमची भिस्त जुन्या रस्त्यांवर आणि पातूरच्या घाटावर.

चार वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. या वेळी महिने पुढे सरकत गेले. सातव्या महिन्यानंतर रिवाजाप्रमाणे ती माहेरी, अकोल्याला गेली. मी नागपूरच्या तीनशेच्या ब्रेव्हेत नाव घातलं होतं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला तेव्हा पाच आठवडे बाकी असणार होते, म्हणून मी निर्धास्त होतो. माझ्याकडे एक वही होती. रोजचे किलोमीटर, नाडीचे ठोके, किती पाणी प्यायलो, सगळं टिपलेलं. एका रविवारी अकोल्याला गेलो असता तिच्या मोठ्या बहिणीने सहज विचारलं, "भाईजान, हिचं हिमोग्लोबिन किती आहे, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. फाइल टेबलावरच होती. उघडली तर आकडा ९.२. गरोदरपणात अकराच्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाच्या गोळ्या सुरू होत्या, पण मळमळतं म्हणून ती एक दिवसाआड घेत होती. घेतली तरी वर चहा पीत होती. चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबाने लागतं, हे मला सायकलवाल्यांच्या गप्पांतून तोंडपाठ होतं. स्वतःच्या रक्ताचा हिशेब ठेवणाऱ्या नवऱ्याने तिच्या रक्ताचा कागद सात महिन्यांत एकदाही उलटून पाहिला नव्हता. ती काही बोलली नाही. "आप राइड की फिक्र करो," एवढंच म्हणाली. ती चेष्टा होती की तक्रार, ते मी आजवर विचारलेलं नाही.

नांदगाव पेठचा फोन

ब्रेव्हेच्या दिवशी सकाळी सहाला नागपूरहून निघालो. कोंढाळी, तळेगाव, तिवसा, मोझरी मागे पडत गेले. दुपारी दीडच्या सुमारास अमरावतीच्या अलीकडे, नांदगाव पेठजवळ, दीडशे किलोमीटरचा शिक्का घेतला. अर्धं अंतर झालं होतं आणि हातात साडेबारा तास होते. इतकी चांगली वेळ मी कधीच मारली नव्हती. ढाब्यावर दाल-भात मागवला आणि फोन सुरू केला. अम्मींचे सहा कॉल येऊन गेले होते. सकाळपासून तिच्या पोटात कळा येत होत्या आणि तिला दवाखान्यात नेलं होतं.

त्या क्षणी मनात आलेली पहिली गोष्ट लिहायला लाज वाटते. वाटलं, अजून तर पाच आठवडे आहेत, नसेल काही. नागपूर गाठून मग निघावं. दुसरा विचार मात्र छातीत कळ यावी तसा आला. त्या वेळीही मी असाच 'नसेल काही' म्हणालो होतो.

नागपूर दीडशे किलोमीटर मागे होतं आणि अकोला शंभरेक पुढे. आयोजकांना फोन करून नाव मागे घेतलं. ढाबेवाल्याने सायकल मागच्या खोलीत ठेवून घेतली. अमरावतीहून एसटी धरली. बसमध्ये कार्ड खिशातून काढून पाहिलं. निम्मे रकाने भरलेले, निम्मे कोरे.

संध्याकाळी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा ती खाटेवर बसून सफरचंद खात होती. त्या खोट्या कळा होत्या. खोट्या कळा अनियमित येतात आणि विश्रांती घेतली की ओसरतात. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. माझे घामाने पांढरे पडलेले कपडे पाहून ती हसली. मग रडली. "आधे में छोड़ के आए?" मी हो म्हणालो. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्या जुन्या दुःखाबद्दल बोललो. रात्री दोनपर्यंत बोलत होतो.

तारीख म्हणजे एसटीचं वेळापत्रक नव्हे

इथे तरुणांनी एक हिशेब नीट समजून घ्यावा. डॉक्टर जी तारीख देतात, ती शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून काढलेला अंदाज असतो. बरोबर त्याच दिवशी जन्मणारं बाळ वीसांत जेमतेम एक. तीन आठवडे आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंतचा काळ सामान्यच मानतात. म्हणजे जवळजवळ पाच आठवड्यांचा दरवाजा उघडा असतो. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यापासून बारा-चौदा तास सहज लागतात, पण त्यावर कोणी भरवसा ठेवू नये.

घर सोडून खेळायला जाण्याचा हा पेच केवळ हौशी लोकांचा नाही. सुनील गावस्करांचा मुलगा रोहन १९७६ च्या फेब्रुवारीत जन्मला तेव्हा ते परदेश दौऱ्यावर होते, आणि दौरा संपेपर्यंत त्यांना मुलाचं तोंड पाहता आलं नाही. अजिंक्य रहाणेंची मुलगी ऑक्टोबर २०१९ मध्ये जन्मली तेव्हा ते विशाखापट्टणमला कसोटी खेळत होते. पुढच्याच वर्षी विराट कोहली ॲडलेडच्या कसोटीनंतर पहिल्या बाळासाठी घरी परतले. केवढी टीका झाली! त्यांच्या जागी कर्णधार झाले ते रहाणेच. त्यांनी मेलबर्नला शतक केलं आणि आपण मालिका जिंकली. एक बाप घरी गेल्याने काही देश हरला नाही. त्याच दौऱ्यावरच्या टी. नटराजननी मात्र आपली नवजात मुलगी दौरा संपवून परतल्यावरच पाहिली. रजा मागण्याची ताकद प्रत्येकाकडे सारखी नसते.

आपल्याकडे कायदाही बापाला फारसा ओळखत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार मातेला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. केंद्र सरकारी कर्मचारी पित्याला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या पित्यासाठी असा कायदाच नाही. आमच्या शेजारच्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व रजेचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. सातवही २०२१ मध्ये कोरोनानंतर गेले. हिंगोलीच्या मातीतला माणूस हा विषय दिल्लीत घेऊन गेला होता, याची आठवण तरी ठेवावी.

गाडीमागून येणारी माणसं

अमेरिकेच्या त्या शर्यतीत एकट्याने उतरणाराही खरं तर एकटा नसतो. मागून गाडीत त्याची आठ-दहा माणसं असतात. ती पॅडल मारत नाहीत. तासातासाला काय खायला द्यायचं, कधी झोपवायचं, कधी उठवायचं, पुढे वळण कुठे आहे, हे त्यांना पाठ असावं लागतं. थकलेला स्वार चिडतो, टाकून बोलतो. ते ऐकून घ्यायचं आणि पाण्याची बाटली पुढे करायची. त्यांना पदक नसतं.

नांदगाव पेठहून परतल्यावर मी तेच काम धरलं. वहीचं नवं पान उघडलं. लोहाची गोळी जेवणानंतर, वर लिंबूपाणी, चहा दोन तासांनी. बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे का, हे रोज फोनवर विचारायचं. रक्तगट आणि त्या गटाच्या दोन मित्रांचे नंबर. १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे नंबर भिंतीवर. रक्त जाणं, पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. हे सासूबाईंना, मेहुण्याला आणि मला, तिघांना पाठ. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. वाशिमसारख्या आकांक्षित म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यात तिचा लाभ घ्यायला संकोच कसला?

चार आठवड्यांनी पहाटे तीनला फोन आला. पहिल्या एसटीने अकोला गाठलं. संध्याकाळी सव्वापाचला मुलगी झाली. नर्सबाईंनी दुपट्यात गुंडाळून हातात दिली. उजव्या कानात अजान द्यायची होती. वर्गात साठ पोरांपुढे चढणारा माझा आवाज त्या एवढ्याशा कानापाशी फुटेना. सासरे हळूच म्हणाले, "आराम से, बेटा. वक्त है." मग म्हटली. ती अजान दुसऱ्या कोणी दिली असती तरी चाललंच असतं, त्यात मुलीचं काही उणं झालं नसतं. उणं माझं झालं असतं.

दुसऱ्या हिवाळ्यात तीच तीनशे मी १८ तास ४० मिनिटांत पूर्ण केली. नांदगाव पेठच्या ढाबेवाल्याने ओळखलं. "बाळ कसं आहे?" हाच त्याचा पहिला प्रश्न.

त्या तरुण सहकाऱ्याला मी 'जाऊ नकोस' असं म्हटलं नाही. म्हटलं, "आधी घरी जाऊन तिची फाइल वाच. हिमोग्लोबिन किती ते मला येऊन सांग. मग तिला विचार, आणि ती 'जा' म्हणाली तर थोडं थांबून परत एकदा विचार. ब्रेव्हे पुढच्या महिन्यातही असते."

तिसऱ्या दिवशी तो आला. म्हणाला, "सर, १०.४. आणि नाव मागे घेतलं."

मी त्याला लिंबूपाण्याचं सांगितलं.