परक्या बेटावरची कोठडी
बोटीने येणाऱ्या आश्रयार्थींबाबत ऑस्ट्रेलियाचे धोरण

• २००१ : नॉर्वेच्या 'टॅम्पा' जहाजाने समुद्रातून वाचवलेल्या चारशेहून अधिक जणांना सरकारने किनाऱ्यावर उतरू दिले नाही. निवडणूक तोंडावर होती. पुढे नाउरू आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर छावण्या उभ्या राहिल्या.

• २००८ : मजूर पक्षाने छावण्या बंद केल्या; २०१२ मध्ये त्याच पक्षाने त्या पुन्हा उघडल्या.

• जुलै २०१३ : बोटीने आलेला माणूस निर्वासित ठरला, तरी त्याला ऑस्ट्रेलियात वसवणार नाही, अशी पंतप्रधान केविन रड यांची घोषणा.

• २०१६ : मानुसवरील स्थानबद्धता पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली.

• २०१९ : मानुसवर अडकलेले कुर्दी पत्रकार बेहरूझ बूचानी यांनी व्हॉट्सअ‍ॅप संदेशांतून तुकड्यातुकड्याने बाहेर धाडलेल्या पुस्तकाला व्हिक्टोरिया राज्याचा सर्वोच्च साहित्य पुरस्कार. सोहळ्याला यायची लेखकालाच मुभा नव्हती.

• नोव्हेंबर २०२३ : नजीकच्या काळात हद्दपारी शक्यच नसेल, तर माणसाला बेमुदत डांबणे घटनाबाह्य, असा ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाचा निकाल.

आश्रय मागणे हा गुन्हा नाही. तरीही मते मिळतात म्हणून दोन्ही मोठ्या पक्षांनी हा अन्याय चालू ठेवला.