सपाट पडद्यावरील खोली : आरंभीच्या खेळयंत्रांतील त्रिमिती

सपाट पृष्ठभागावर खोलीचा आभास निर्माण करणे ही किमया संगणकाने प्रथम साधली असे नाही. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे 100 किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या भिंतींवर ती पाचव्या शतकातच सिद्ध झालेली दिसते. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीच्या मुखाचा उंचसखलपणा केवळ रंगाच्या उजळ-गडद छटांनी उठविलेला आहे. ‘विष्णुधर्मोत्तर’ पुराणातील चित्रसूत्र छटांच्या या योजनेस ‘वर्तना’ असे नाव देते. तथापि चित्रकाराला एकच क्षण रंगवावयाचा असतो. घरातील दूरचित्रवाणीसंचाला जोडावयाच्या खेळयंत्राला, म्हणजेच कन्सोलला, प्रत्येक सेकंदात अनेक चित्रे नव्याने काढावी लागतात. 1993 ते 1996 या काळातील यंत्रांनी हे कार्य कसे पार पाडले आणि त्यासाठी कोणत्या अचूकतेवर पाणी सोडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

त्रिमितीय चित्रणाचे मूलतत्त्व सोपे आहे. वस्तूचा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांत विभागावयाचा, प्रत्येक शिरोबिंदूचे स्थान तीन अंकांनी सांगावयाचे, आणि आडव्या व उभ्या अंतराला खोलीने भागून तो बिंदू पडद्यावर कोठे पडेल हे ठरवावयाचे. दूरची वस्तू लहान दिसते ती या भागाकारामुळेच. त्रिकोणावर क्रमाने बदलणारी छटा देण्याची रीत आंरी गूरो यांनी 1971 मध्ये मांडली. पृष्ठभागावर वीट, लाकूड इत्यादींचे चित्र, म्हणजे ‘पोतचित्र’, चिकटविण्याची रीत एडविन कॅटमल यांच्या 1974 च्या प्रबंधात आढळते. दोघांचेही हे कार्य अमेरिकेतील यूटा विद्यापीठातले. म्हणजे शास्त्र सिद्ध होते. प्रश्न उरला होता तो सामान्य कुटुंबाला परवडेल अशा यंत्रात ते बसविण्याचा.

1993 मध्ये निन्टेन्डोने ‘स्टार फॉक्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा मूळ यंत्राचे बळ अपुरे असल्याने ‘सुपर एफएक्स’ नावाची स्वतंत्र चिप खेळाच्या कार्ट्रिजमध्येच बसविण्यात आली. त्यातील विमाने बहुतांशी एकरंगी बहुकोनांची होती. पुढे डिसेंबर 1994 मध्ये जपानमध्ये सोनीचे प्लेस्टेशन विक्रीस आले. त्याचा प्रोसेसर सुमारे 34 मेगाहर्ट्झ वेगाचा, मुख्य स्मृती 2 मेगाबाइट व चित्रांसाठीची स्मृती 1 मेगाबाइट होती. शिरोबिंदूंचे गणित करण्यासाठी त्यात खास गणनविभाग होता. मात्र भागाकार शिरोबिंदूंपुरताच केला जाई. त्रिकोणाच्या अंतर्भागातील पोतचित्र समान पावलांनी भरून काढले जाई.

या काटकसरीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समोर फरशीचा एक पट्टा आहे. त्याची जवळची कड आपल्यापासून 1 मीटरवर व दूरची 3 मीटरवर असून मध्ये फरश्यांच्या 8 रांगा आहेत. पडद्यावरील उंची खोलीच्या व्यस्त प्रमाणात बदलते; म्हणून जवळची कड क्षितिजरेषेखाली 1 एककावर धरली, तर दूरची 1/3 एककावर येते. या दोहोंचा पडद्यावरील मध्य 2/3 एककावर आहे, आणि तो प्रत्यक्षात 1.5 मीटर अंतराचा बिंदू होय. तेथपर्यंत फरशीचा केवळ चौथा हिस्सा, म्हणजे 2 रांगा, संपावयास हव्यात. समान पावलांची रीत मात्र तेथे 4 रांगा दाखविते. त्यामुळे खेळाडू चालू लागला की फरशीच्या सरळ रेषा वाकतात व मोडतात. त्रिकोण अधिक लहान केल्यास हा दोष कमी होतो. पण त्रिकोणांची संख्या व गणित दोन्ही वाढतात. शिवाय शिरोबिंदू पडद्यावरील पूर्ण चित्रबिंदूवरच ठेवले जात असल्याने आकृत्या किंचित थरथरत.

दुसरी अडचण कोणती वस्तू पुढे व कोणती मागे हे ठरविण्याची. प्रत्येक चित्रबिंदूची खोली नोंदवून ठेवणे हा निर्दोष उपाय आहे. परंतु 320 गुणिले 240 बिंदूंच्या चित्रात 76,800 बिंदू असतात. प्रत्येकी 2 बाइट धरल्यास 150 किलोबाइट स्मृती खर्ची पडते आणि प्रत्येक बिंदूपाशी वाचन व तुलना करावी लागते. प्लेस्टेशनने हा मार्ग सोडून त्रिकोण दुरून जवळ अशा क्रमाने रंगविले. परस्परांत घुसलेले त्रिकोण या क्रमात नीट बसत नाहीत.

1996 चे निन्टेन्डो 64 या दोन्ही बाबतींत अचूक होते. पण त्याच्या पोतचित्रांची तात्पुरती स्मृती अवघी 4 किलोबाइट होती. प्रतिबिंदू 2 बाइट धरल्यास तीत 64 गुणिले 32 बिंदूंचे चित्र मावते. असे लहान चित्र ताणून भिंतभर पसरल्याने तेथील दृश्ये पुष्कळदा धूसर दिसतात. एका यंत्राने रेषा वाकू दिली, दुसऱ्याने तपशील पुसट होऊ दिला. निर्दोष असे कोणतेच नव्हते.

हे दोष म्हणजे अभियंत्यांनी केलेल्या निवडींचे पुरावे होत. आज जुने खेळ नव्या संगणकावर एम्युलेटरद्वारा चालविले जातात, व काही एम्युलेटरांत वाकलेल्या रेषा सरळ करण्याची सोयही असते. खेळणाऱ्याला ती सुखद वाटेल. अभ्यासकाने मात्र सावध असावे. 1920 नंतरच्या दोन वर्षांत निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याची सुटू लागलेली चित्रे भिंतीला घट्ट केली, हे त्यांचे ऋण मोठेच. परंतु संरक्षणार्थ दिलेला लाखेच्या रोगणाचा थर पुढे पिवळा पडला व मूळ रंग झाकोळले. यंत्रांच्या बाबतीत सुदैवाने सुधारणा व मूळ ही दोन्ही रूपे शेजारी ठेवता येतात. म्हणून संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रथम मूळ रूप पाहावे, वरील फरशीचे गणित स्वतः कागदावर करावे, आणि मगच रेषा सरळ करावी. अन्यथा आपण काय दुरुस्त केले हेच त्याला कळणार नाही.