ओंडक्यावरील अळंबी : शिताके

पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उगवलेली भूछत्रे आपण पाहिली असतीलच. लाकूड कुजले म्हणून छत्री उगवली, असे आपण समजतो. वस्तुतः लाकडात शिरलेल्या कवकाचे पांढरे तंतूच ते लाकूड कुजवितात, आणि पुरेसे पोषण झाले म्हणजे छत्रीच्या रूपाने बाहेर येतात. लाकडास कठीणपणा देणारे लिग्निन पचविण्याची शक्ती फार थोड्या सजीवांत असते. शिताके ही खाद्य अळंबी त्यांपैकी एक होय.

हे नाव जपानी आहे. ‘शीई’ हा एक वृक्ष व ‘ताके’ म्हणजे अळंबी. तिची लागवड मात्र प्रथम चीनमध्ये झाली. वांग झेन यांच्या १३१३ सालच्या कृषिग्रंथात तिचे वर्णन आहे. त्या काळी ओंडक्यावर कुऱ्हाडीने खाचा पाडीत आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या बीजाणूंची वाट पाहात. १९४० नंतरच्या दशकात जपानचे मोरी किसाकू यांनी शुद्ध कवक वाढविलेल्या लाकडी खुंट्या प्रचारात आणल्या, आणि दैवावर अवलंबून असलेला हा व्यवसाय शेती बनला.

यासाठी ओकसारख्या वृक्षाचे, साल शाबूत असलेले, सुमारे १ मीटर लांब व १० ते १५ सेंटिमीटर जाड ओंडके घेतात. त्यांत छिद्रे पाडून बीज भरतात व वर मेण लावतात. मग ओंडके सावलीत, ओलावा राखून रचून ठेवतात. सहा महिने ते दीड वर्ष कवक आतल्या आत पसरत राहते. त्यानंतर ओंडके थंड पाण्यात भिजविले की काही दिवसांत छत्र्या फुटतात. असा ओंडका अनेक वर्षे पीक देतो.

चंडीगडच्या सखल प्रदेशात उन्हाळ्याचे तापमान ४० अंशांवर जाते; शिताकेला गारवा हवा. तो काल्क्यावरून वर चढणाऱ्या वाटेवर, सुमारे १,५०० मीटर उंचीवरील सोलन येथे मिळतो. तेथे १९६१ पासून अळंबीच्या लागवडीचे प्रयत्न झाले, १९८३ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि पुढे त्याचेच अळंबी संशोधन संचालनालय झाले. परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. हिमालयातील ओक, म्हणजे ‘बान’, फार सावकाश वाढतो. त्याच्या पानांचा थर पावसाचे पाणी जमिनीत मुरवितो, आणि त्याच्या फांद्या गुरांचा चारा होतात. अळंबीसाठी असा वृक्ष तोडणे परवडणारे नाही. म्हणून रुंदपर्णी वृक्षांच्या लाकडाचा भुसा पिशव्यांत भरून, वाफेने निर्जंतुक करून त्यावर शिताके वाढविण्याची रीत येथे अधिक योग्य ठरते. भुशावर पीकही काही महिन्यांत हाती येते.

आरोग्याच्या दृष्टीने शिताके चांगले अन्न आहे. तिच्यात प्रथिने, तंतू व ब गटातील काही जीवनसत्त्वे असतात. उन्हात वाळविल्यास तिच्यातील एर्गोस्टेरॉलचे ड जीवनसत्त्व बनते. तिच्यातील एरिटाडेनिन या द्रव्याने उंदरांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल घटल्याचे प्रयोगांत दिसले. तथापि उंदरांवरून माणसाविषयी खात्रीचे अनुमान काढता येत नाही. १९६९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी लेंटिनान हे द्रव्य वेगळे केले. जठराच्या कर्करोगात अन्य औषधांच्या जोडीला ते जपानमध्ये वापरले गेले, पण शुद्ध स्वरूपात व सुईवाटे. भाजी खाल्ल्याने तो परिणाम होत नाही. सबब कोणत्याही रोग्याने अळंबीच्या भरवशावर उपचार सोडू नये.

शिताके नेहमी पूर्ण शिजवूनच खावी. कच्ची खाल्ल्यास काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात. आणि रानात ओंडक्यावर दिसलेली छत्री शिताकेसारखी वाटली, तरी ती तोंडात घालू नये; विषारी अळंबी केवळ रूपावरून ओळखणे जाणत्यांनाही कठीण जाते.